वाहेगुरू म्हणजे पाणी

सोमवार, २ मार्च

ही वही मी हौसेने घेतलेली नाही. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या ज्या बाई आहेत त्यांनी सांगितलं, "घरी गेल्यावर त्या कधी काय म्हणतात, तेव्हा त्यांना काय हवं असतं, ते लिहून ठेवा. त्यातून काहीतरी वाट सापडेल." म्हणून लिहितोय. माझा लिहिण्याचा सराव म्हणाल तर लिफ्टच्या दुरुस्तीच्या कार्डाएवढाच : तारीख, बिघाड, काय केलं, सही.

आज हिला घरी आणलं. तीन मजले चौघांनी खुर्चीसकट उचललं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो, हा आमच्या घरचा जुना विनोद आहे. आज कोणी केला नाही.

नोंद. सकाळी दहा, "वाहेगुरू", पाणी हवं होतं. सव्वादहा, "वाहेगुरू", उशी सरकली होती. अकरा, "वाहेगुरू", कळलं नाही. साडेअकरा, पुन्हा तेच, पुन्हा कळलं नाही. रडली.

झटक्याने हिचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि भाषा नेली. एवढा एक शब्द ठेवला, आम्हा शिखांचं देवाचं नाव. बाई म्हणतात, असं होतं. कुणाचा एखादा आकडा उरतो, कुणाची शिवी उरते. जे वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं असतं ते राहतं. आत सगळं समजत असतं, पण बाहेर पडताना प्रत्येक शब्दाच्या जागी तोच येतो. मान हलवून विचारावं, तर या दुखण्यात हो आणि नाहीची गल्लत होते. हिची मान दोन्हीला सारखीच हलते.

मंगळवार, ३ मार्च

केसांचा प्रश्न. तीन आठवडे उशीवर घासून मागे मुठीएवढी गाठ झाली आहे. दवाखान्यात नर्स म्हणाली होती, "काका, कापून टाकू, सुटसुटीत होईल." मी तिच्या अंगावर ओरडलो, "कात्रीला हात लावाल तर बघा! आमच्यात केस कापत नाहीत." आमच्यात, असं मी म्हणत असताना तिने माझं टक्कल आणि कानामागचे आखूड केस नीट पाहून घेतले. नोकरीला लागलो त्या वर्षी मी पगडी सोडली. यंत्रात अडकते, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे साहेबासमोर चारचौघांत वेगळं दिसायचं नव्हतं. त्यावर ही कधी अवाक्षर बोलली नाही.

आज ती गाठ सोडवायला बसलो. वंगणाने राठ झालेली बोटं आणि हिचा लाकडी कंगवा. दोन तास गेले. मध्ये एकदा ओढलं गेलं तेव्हा म्हणाली, "वाहेगुरू!" हा मात्र लगेच कळला. नोंद : दुखलं.

गुरुवार, ५ मार्च

पहाटे चारला हाक. धडपडत उठलो, भांडं दिलं, पाणी दिलं, उशी केली. काहीच नको. डावा हात फळीकडे. तिथे रुमालात बांधलेली हिची रोजच्या पाठाची पोथी. ही रोज या वेळेला उठते, आंघोळ करून पाठ करते, हे मला चौतीस वर्षं ठाऊक आहे. ठाऊक म्हणजे कूस बदलताना ऐकू यायचं इतकंच.

मीच वाचायला बसलो. ती गुरमुखी अक्षरं लहानपणी शिकलो होतो, पगडीबरोबर तीही सुटली. ठेचकाळत वाचलं. ही डोळे मिटून पडली होती. संपलं तेव्हा उजाडलं होतं आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. मला शांती वगैरे काही वाटली नाही. झोप आली.

हिचे तीन नियम : नाम घ्यायचं, कष्टाचं खायचं, वाटून खायचं. मधला मी सांभाळला, बाकीचे दोन हिने. संसार म्हणजे वाटणी आलीच. आता तिन्ही माझ्या गळ्यात आलेत.

रविवार, ८ मार्च

आज गुरुद्वाऱ्याच्या संगतीतली माणसं आली. तिथे ग्रंथाचा पाठ करणारे ग्रंथीजी होते, आणखी नऊ-दहा जण. ग्रंथीजींनी उभं राहून अरदास केली. आमची प्रार्थना अशी असते की एकजण मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबतो. त्या थांब्यावर सगळे म्हणतात, वाहेगुरू. हिने एकही थांबा चुकवला नाही. शब्द स्पष्ट होता, आवाज खणखणीत होता. क्षणभर वाटलं, हिला काही झालंच नाही, आता उठेल आणि म्हणेल, अहो, बघत काय बसलात, पाहुण्यांना पाणी द्या.

एका बाईने हिच्या पायावर डोकं टेकलं. म्हणाली, "केवढं भाग्य! सगळं गेलं आणि नाम तेवढं उरलं. आपण आयुष्यभर हेच तर मागतो."

भाग्य! हिला लघवीला जायचं आहे हे सांगता येत नाही. पण दहा माणसांसमोर हे कसं बोलणार. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

गुरुवार, १२ मार्च

बातमी पसरली आहे. रोज कोणी ना कोणी येतं. "बीबीजींचं दर्शन" म्हणतात. दाराबाहेर जोड्यांचा ढीग. एकाने आपला तापलेला मुलगा आणला, हिचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. लुळा हात. आशीर्वाद द्यायला तोच सोयीचा, उचलला तर विरोध करत नाही.

माणसं आली की ही कासावीस होते. दाराकडे हात करते, "वाहेगुरू, वाहेगुरू," ते हात जोडतात. मी समजतो, हिला ही गर्दी नको आहे. उद्यापासून दार लावून घेणार.

लेकीचा फोन. ती पाच तासांच्या वाटेवर एकटी राहते, शाळेत शिकवते. "बाबा, आईला माझ्याकडे आणा. तळमजला आहे. समोर गुरुद्वारा आहे, खुर्ची ढकलत नेलं तरी पोचू. दिवसा सांभाळायला शेजारच्या मावशी आहेत. तुम्हीही या."

म्हटलं, "तुझ्या आईला शांतता हवी आहे. गुरुद्वाऱ्यासमोर काय शांतता मिळणार?"

"आईला शांतता हवी आहे असं आई म्हणाली?"

पोरीची जीभ आईवर गेली आहे, म्हणजे पूर्वीच्या आईवर. मी फोन ठेवला. लेकीच्या दारात जाऊन आयतं बसायचं वय अजून झालेलं नाही माझं. आणि हिला मीच सांभाळणार. मीच सांभाळायला पाहिजे. का, ते आज लिहीत नाही.

रविवार, १५ मार्च

दार लावून घेतो म्हटलं आणि रविवारी लावता आलं नाही. वीसेक माणसं आली. मी चहा करायला आत गेलो. बाहेर आलो तर पलंग रिकामा.

ही दाराशी जमिनीवर होती. पलंगावरून कशी उतरली, एवढं अंतर कशी घसटत गेली, देव जाणे. उंबऱ्याला टेकून बसली होती. डाव्या हातात ओढणीचं टोक, मांडीवर कुणाचा तरी धुळीने भरलेला बूट. पुसत होती. पुसून झालेले तीन जोड भिंतीशी ओळीने लावले होते, टाचा भिंतीकडे.

कुणीतरी किंचाळलं, "बीबीजी, हे काय! आमचे जोडे तुम्ही?" एकाने बूट ओढून घेतला. ही त्याच्यावर ओरडली, "वाहेगुरू!" त्याने भक्तिभावाने हात जोडले.

बावीस वर्षं ही दर रविवारी गुरुद्वाऱ्यातल्या जोड्यांच्या खोलीत बसायची. लोकांचे जोडे घ्यायचे, धूळ पुसायची, खणात लावायचे, बिल्ला द्यायचा. मी चिडवायचो, "घरी माझे बूट पुसत नाहीस ते." म्हणायची, "तुमच्या बुटांना वंगण असतं. ते साबणाने जातं."

आज ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी बायको परक्या माणसांच्या पायातलं मांडीवर घेऊन बसलेली. भ्रम होतोय बहुतेक, जुन्या सवयी वर येतात. उचलून पलंगावर ठेवलं आणि सगळ्यांना हात जोडून घालवलं. ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. माणसं गेल्यावर तरी बरं वाटायला हवं होतं.

मंगळवार, १७ मार्च

बाईंनी चित्रांचा तक्ता दिला. पेला, ताट, पलंग, संडास, दुखरा चेहरा. हवं त्यावर बोट ठेवायचं. हिने तक्ता नीट पाहिला, पुन्हा पाहिला आणि बाजूला सारला. तिथे नसलेलंच काहीतरी हवं आहे.

मी वहीच्या कागदावर स्वतः काढलं. लेकीचं चित्र काढलं, माझं काढलं. माझं चित्र पाहून हिला हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा. मग मी विचारलं, "लेकीकडे जायचंय?" "वाहेगुरू." "इथे राहायचंय? माझ्यापाशी?" "वाहेगुरू." दोन्हींत सुईच्या अग्राएवढाही फरक नाही. कान लावून मोटरचा कुठलं बेअरिंग खराब आहे ते मी सांगतो, लोक माझ्या कानाची तारीफ करतात. तो कान इथे काही कामाचा नाही.

शुक्रवार, २० मार्च

लिहूनच टाकतो. नाहीतर डोकं फुटेल.

झटका आला त्या सकाळी मला कामावर लवकर जायचं होतं, डोकं ठणकत होतं. ही पाठ संपवून पोळ्या लाटत होती, लाटता लाटता तोंडाने चालूच, वाहेगुरू, वाहेगुरू. मी ओरडलो, "एक दिवस तरी ते तोंड बंद ठेव! कान किटले माझे." हिने बंद केलं. डबा हातात दिला तेव्हाही काही बोलली नाही. रोज म्हणायची, जपून जा. दुपारी शेजारच्यांनी फोन केला.

म्हणजे मी हिच्याशी शेवटचं बोललो ते हे. आणि हिने मला शेवटचं काय सांगितलं, तर काहीच नाही. मला सांगा, हा हिशेब कुणाच्या दरबारी मांडायचा? हिने सगळे शब्द टाकून नेमका तोच एक का ठेवला? मला ऐकवायला? दिवसातून दोनशे वेळा?

आज दुपारी कचरा टाकायला बाहेर गेलो आणि कठड्याला धरून जिन्याच्या मधल्या पोकळीत बघत उभा राहिलो. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, असल्याच पोकळीत, तीस वर्षं काम केलं, कधी वाकून बघावंसं वाटलं नाही. आज बराच वेळ बघितलं. मग आतून हाक आली. आत गेलो. पाणी हवं होतं.

रविवार, २२ मार्च

ग्रंथीजी एकटेच आले. मी बाकीच्यांना बंदी केली, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, "बरं केलंत. आपल्यात जिवंत माणसाची पूजा नाही. मीच सांगायला हवं होतं, राहून गेलं."

मी त्यांना विचारलं, "ग्रंथीजी, हुकुमात राहावं म्हणतात. वरचा हुकुम काय आहे ते कळायचं कसं? मला इथे घरातल्या घरात बायकोचा कळत नाही."

ते हसले. म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही हुकुम शोधताय की सुटका?"

मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. ते म्हणाले, शीख माणसाने चढदी कला सोडू नये, कितीही अंधार असो, मन चढतं ठेवावं. म्हटलं, "आमची तर उतरती कळा चालली आहे, तिसऱ्या मजल्यावर बसून." ते यावरही हसले, आणि जाताना मला घट्ट मिठी मारली. मला रडू आलं. इतका मोठा झालो तरी असा रडतो, लाज वाटली.

जाताना दाराशी त्यांनी आपले जोडे पायात घातले, तेव्हा ही पलंगावरून मान उचलून बघत होती, ते दिसेनासे होईपर्यंत.

बुधवार, २५ मार्च

रजा ३०ला संपते. साहेबाचा फोन, एकतीसनंतर जागा ठेवता येणार नाही. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. नोकरी गेली तर गेली. त्या सकाळचं फेडायचं असेल तर हिच्या उशाशी बसूनच फिटेल. लेक शनिवारी गाडी घेऊन येते आहे, मी नको म्हटलं तरी. येऊ दे. रिकामी पाठवीन.

पहाटेचा पाठ आता न अडखळता होतो. चुकलो तर ही डोळे उघडते.

शनिवार, २८ मार्च

लेक आली. आल्या आल्या आईला आंघोळ घातली, वेणी घातली. आईने तिचा चेहरा डाव्या हाताने चाचपला. मग आमचं भांडण.

"बाबा, तुम्ही स्वतःला शिक्षा देताय. आईला कशाला देता?"

"तुला काय माहीत?"

"काही माहीत नाही. आरशात बघा."

मी तिला त्या सकाळचं सांगितलं. तिने आईच्या पायांवर पांघरूण ओढलं. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही तिला तीन मजले वर कोंडून ठेवणार? ती बावीस वर्षं माणसांच्या येण्याजाण्यात बसली. इथे कोण येतं?"

"हिला काय हवंय ते तुला कळतं? सांग मला! दे लिहून!"

मोठ्याने ओरडलो. ही आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. म्हणाली, "वाहेगुरू." दोघांनाही कळलं नाही.

रविवार, २९ मार्च

पहाटे पाठ केला. लेक आमच्या मागे बसली होती. पाठ झाल्यावर अरदास करायला उभा राहिलो आणि नेहमीचे शब्द आठवेनात. डोकं रिकामं. मग जे तोंडाला येईल ते, साध्या घरच्या बोलीत मागू लागलो.

म्हणालो, हा दिवस दिलास, तुझे उपकार. थांबलो. ही म्हणाली, "वाहेगुरू."

म्हणालो, त्या सकाळी मी हिला जे बोललो त्याची मला. एवढ्यावर आवाज गेला. वाक्य पुरं व्हायचं होतं, थांबा यायचा होता, पण ही मधेच म्हणाली, "वाहेगुरू." घाईने, जसं कोणी म्हणतं, पुरे आता.

मग डोळे मिटले आणि मुख्य मागणं मागितलं. हिला माझ्यापाशी राहू दे. मी सेवा करीन. थांबलो.

काही आलं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणालो, हिला इथेच, माझ्यापाशी राहू दे. थांबलो. डोळे उघडले. हिने ओठ आवळून धरले होते. मानेची शीर फुगली होती, डोळ्यांत पाणी होतं. जो शब्द हिच्या तोंडून आपोआप येतो, झोपेतसुद्धा येतो, तो ही दातांखाली दाबून बसली होती. महिनाभर मी हो आणि नाही शोधत होतो. हिच्यापाशी हो एकच होता. नाही म्हणायला हिला गप्प बसावं लागत होतं, आणि गप्प बसायला जागा लागते. मी आजवर ती दिलीच नव्हती. प्रश्न विचारायचो, आपोआप सुटलेला शब्द उत्तर म्हणून धरायचो आणि पुढचा विचारायचो.

तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही. मागे लेक हुंदके देत होती.

म्हणालो, हिला लेकीबरोबर जाऊ दे. तिथल्या जोड्यांच्या खोलीत बसू दे. हे दुसरं वाक्य कुठून आलं ठाऊक नाही, माझ्याच तोंडून आलं.

"वाहेगुरू!" खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल.

कुणी काळजात हात घालून काहीतरी काढून न्यावं तसं झालं. मी विचारलं आणि हिने सांगितलं. इतके दिवस हेच तर हवं होतं. शेवटचं मागणं सगळ्यांच्या भल्याचं असतं, ते मी कसंबसं म्हटलं.

राजीनामा फाडला. मंगळवारी कामावर जाईन. लेक म्हणते, शनिवारी येत जा, बाबा. बघू.

खुर्ची उचलायला चौघांना बोलवायचं होतं, मी नको म्हटलं. हिला पाठुंगळी घेतलं. लुळा हात माझ्या छातीवर घेऊन ओढणीने बांधला, डाव्या हाताने हिने मानेला विळखा घातला. काही वजन राहिलेलं नाही. लेक पिशव्या घेऊन पुढे. एकेक पायरी उतरत होतो आणि डोळ्यांतल्या पाण्याने मला पुढची नीट दिसत नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे एका पायरीचा कोपरा तुटला आहे, तिथे हिचा गाल माझ्या कानाला लागला.

"वाहेगुरू," म्हणाली. म्हणजे, हळू. पाय सांभाळा.

मी म्हटलं, "हो गं, दिसतंय मला."